कार्बनच्या पैशामागे लागण्याआधी

भाऊ, तुमच्या गटात कोणी येऊन सांगून गेलं ना, झाडं लावा अन् डॉलर घ्या? थांब जरा.

हा पैसा कार्बन क्रेडिट विकून येतो. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून रोखला, नाहीतर हवेतून काढला. धुऱ्यावरचे आजोबांच्या काळचे कडुनिंब त्यात धरत नाहीत. हा पैसा आला म्हणूनच जे घडलं, तेवढंच मोजतात. एवढं विचारलं तरी अर्धे दलाल चहा न घेता उठतात.

मी म्हणेन, पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांपासून सुरू कर. वावरात पेटवून देण्याऐवजी कमी हवेत भाजून बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा केला, तर त्यातला बराच कार्बन मातीत दीर्घकाळ टिकतो. पण वजन, तारीख, फोटो पहिल्या दिवसापासून ठेव. आम्ही वही दुसऱ्या वर्षी काढली, पहिल्या वर्षाची मेहनत कोणी मोजलीच नाही. पडताळणीचा खर्च कोणाचा, करार किती वर्षांचा, मधेच झाड तोडलं तर काय, हे सातबारा हाती देण्याआधी मराठीत वाचून घे.

ग्रीन क्लायमेट फंड म्हणजे हवामान बदलासाठीचा जागतिक निधी. त्याच्याकडे कास्तकार थेट जात नाही, नाबार्डसारख्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत प्रस्ताव जातो. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनला विकसनशील देशांना हवामान बदलाशी लढायला २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर कबूल केले होते, आकडा गाठला २०२२ मध्ये, अन् त्यातही बरंचसं कर्जच. तेव्हा या पैशाच्या भरवशावर सोसायटीचं कर्ज उचलू नको, बाप्पा.

पऱ्हाटी उपटायला लागलास की निरोप दे. वजनकाटा आमच्याकडे पडूनच आहे.