डॉसमधला जुना हिशेबाचा प्रोग्राम विंडोज ११ वर कसा चालवावा?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या दुकानाचा उधारीचा प्रोग्राम १९९७ पासून चालू होता, जुना कॉम्प्युटर बंद पडला, नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम उघडायला गेलं की 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही' एवढंच येतं, आणि सगळे म्हणतात नवीन सॉफ्टवेअर घ्या. माझं ऐकाल तर लगेच घेऊ नका. तुमचा प्रोग्राम चालेल.

माझ्या मामांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत होती. त्यांचा प्रोग्राम क्लिपर या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेतला, निळ्या पडद्याचा. मामा माउसला हात लावायचे नाहीत. खाते नंबर, एंटर, पोती, वजन, दर, एंटर, की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी तयार. तो वेग त्यांना दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळाला नाही, म्हणून मी हे सगळं शिकलो.

आधी कारण. विंडोजच्या आधीच्या डॉसचे प्रोग्राम १६ बिटचे. ३२ बिट विंडोजमध्ये ते चालवणारा एक भाग असायचा. ६४ बिटमध्ये तो नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचीच येते. त्यामुळे विंडोजच्या कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (जुन्या प्रोग्रामसाठीच्या सोयीत) कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. लॅपटॉपच्या आत एक लुटुपुटीचा जुना पीसी उभा करावा लागतो.

पण त्याच्याही आधी डेटा. कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे हार्ड डिस्क गेली असं नाही. ती काढून घ्या, आयडीई ते यूएसबी जोडणी विकत मिळते, तिने लॅपटॉपला लावा आणि प्रोग्रामचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा उतरवा. एकही फाइल 'ही कशाला' म्हणून वगळू नका. दोन प्रती करा, एक पेनड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवा. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर.

फोल्डरमध्ये डीबीएफ फाइल्स दिसतील, त्यात तुमची खाती आहेत. सोबत एनटीएक्स फाइल्स असतील तर प्रोग्राम बहुधा क्लिपरचा, सीडीएक्स किंवा आयडीएक्स असतील तर फॉक्सप्रोचा. या इंडेक्स फाइल्स, म्हणजे खातं पटकन शोधायच्या याद्या.

आता चालवायचं कसं. असा लुटुपुटीचा पीसी उभा करणारा, कॉलेजात टर्बो सी ज्यावर चालवतात तो डॉसबॉक्स तुम्ही ऐकला असेल. तो मुळात गेम्ससाठी बनवलाय, छपाईची सोय त्यात नाही. दुकानासाठी डॉसबॉक्स-एक्स घ्या, फुकट आहे. फोल्डर डी ड्राइव्हवर आठ अक्षरांच्या आतल्या नावाने ठेवा, मग माउंट कमांडने तो फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडा आणि प्रोग्रामचं नाव टाइप करा. जमलं की त्याच ओळी सेटिंगच्या फाइलमध्ये ऑटोएक्झेक या भागात लिहा, म्हणजे आयकॉनवर क्लिक केलं की वडिलांसमोर थेट त्यांचा ओळखीचा मेनू. वरच्या मेनूतून फुलस्क्रीन निवडलं की पूर्ण पडदा.

प्रोग्राम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला असेल तर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' येऊ शकतो. प्रोसेसर फार वेगवान असल्यामुळे सुरुवातीचं वेळेचं गणित शून्याने भागायला जातं. सेटिंगमध्ये सायकल्स (त्या लुटुपुटीच्या प्रोसेसरचा वेग) १०००० वर बांधून टाका, एरर जाते.

छपाईसाठी त्याच सेटिंगच्या फाइलमध्ये पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची जोडणी) प्रिंटरला जोडता येतो, किंवा छपाई थेट फाइलमध्ये घेता येते. मी मामांकडे फाइलचाच मार्ग धरला.

एक गोष्ट वडिलांना नीट सांगा: फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करायची नाही. मेनूतून बाहेर पडायचं, मगच बंद. नोंदी अर्धवट लिहिल्या गेल्या तर खातं असूनही शोधात सापडत नाही. तसं झालं तर प्रोग्राममधला रीइंडेक्स पर्याय चालवा.

प्रोग्रामची नक्कल रोखायला मागे प्रिंटर पोर्टात बसणारं लॉक असेल तर मात्र अवघड आहे. यूएसबी ते पॅरलल केबल फक्त प्रिंटरपुरती असते, लॉक त्यावर चालत नाही.

मराठी नावं असतील तर घाबरू नका. तेव्हा सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड लावून डॉसमध्ये देवनागरी दिसायची. कार्ड नसलं की त्याच जागी चौकटी आणि रेघा दिसतात. मामांच्या खात्यात 'कदम' उघडलं तर पहिलं अक्षर नुसती उभी रेघ. इस्की या भारतीय लिपिसंकेतात (प्रत्येक अक्षराला एक आकडा देणाऱ्या पद्धतीत) 'क' म्हणजे १७९, आणि साध्या डॉसमध्ये १७९ म्हणजे उभी रेघ. अक्षर शाबूत आहे, फक्त दाखवणारं कार्ड नाही. आज सगळीकडे वापरतात त्या युनिकोड लिपिसंकेताची देवनागरी इस्कीच्याच क्रमावर मांडलेली असल्याने रूपांतर नीट होतं. विंडोजला ५७००२ या कोडपेजने ते कळतं, प्रोग्रामिंग जाणणारा कुणीही ओळखीतला मुलगा करून देईल.

आणि फक्त जुनी बाकी पाहायची असेल तर प्रोग्राम चालवायचीही गरज नाही. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये डीबीएफ थेट उघडते. फक्त प्रतच उघडा, आणि तिथून डीबीएफमध्ये सेव्ह करू नका, एक्सेलच्या फाइलमध्ये करा. नाहीतर इंडेक्सशी मेळ तुटतो.

फोल्डरमधल्या फाइल्सची नावं इथे लिहून टाका, प्रोग्राम कशात बनवलाय ते मी बघून सांगतो.