तिसऱ्यांदा आला तो वजीर, पटस्थिती नव्हे

प्रश्न : पुण्यातल्या एका बुद्धिबळ मानांकन स्पर्धेत माझी मुलगी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होती. चाली अशा (घो = घोडा, उं = उंट, व = वजीर, रा = राजा, × = मारणे, + = शह) : १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-बी५ घो-एफ६ ४. कॅसलिंग घो×ई४ ५. डी४ घो-डी६ ६. डी×ई५ घो×बी५ ७. ए४ घोबी-डी४ ८. घो×डी४ डी५ ९. ई×डी६ घो×डी४ १०. व×डी४ व×डी६ ११. व-ई४+ व-ई६ १२. व-डी४ व-डी६ १३. व-ई४+ व-ई६. इथे तिने १४. व-डी४ ही चाल लिहून, तीच स्थिती तिसऱ्यांदा येते म्हणून बरोबरीचा दावा केला. पंचांनी तो फेटाळून प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा दिली. असे का?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : पंचांचे बरोबर आहे. मुलीने वजिराच्या फेऱ्या मोजल्या. तो दहाव्या, बाराव्या आणि चौदाव्या चालीला डी४ वर आला हे खरे, पण दहाव्या चालीनंतर काळा वजीर डी८ वर होता आणि पांढरे प्यादे डी६ वर. मोजायची ती पूर्ण पटस्थिती : तीच मोहरी त्याच घरांत, खेळी त्याच खेळाडूची, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) आणि आँ पासाँ (दोन घरे पुढे आलेले शेजारचे प्यादे प्याद्याने लगेच मारणे) यांचे हक्कही तेच. तशी स्थिती काळ्याच्या १०व्या, १२व्या आणि १४व्या चालीनंतर येते. म्हणजे अर्धी चाल थांबायला हवे होते! दावा फेटाळला गेला तरी लिहिलेली चाल खेळावीच लागते. मग काळ्याने १४... व-डी६ केले, की घड्याळ थांबवून पंचांना सांगायचे. तेव्हा काही लिहावे लागत नाही. आपल्याच चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर मात्र चाल आधी लिहायची आणि मोहऱ्याला हात लावायचा नाही. हात लागला की त्या चालीपुरता हक्क गेला. पाचव्यांदा तीच स्थिती आली, तर दाव्याशिवायच डाव बरोबरीत सुटतो.

ही ओपनिंग (डावाची सुरुवात) म्हणजे रुई लोपेझ या प्रकारातला बर्लिन बचाव, आणि हा डाव त्यातला बरोबरीचा ठरलेला रस्ता. बाराव्या चालीनंतर काळ्याचा एफ८ वरचा उंट हलला तर जी७ चे प्यादे पडते, म्हणून वजीर डी६ वर परततो. पांढऱ्याने वजीर मारामारी केली, तर काळ्याकडे दोन्ही उंट उरतात.

जिंकायला खेळायचे असेल तर सहाव्या चालीला उं×सी६ करा : ६... डी×सी६ ७. डी×ई५ घो-एफ५ ८. व×डी८+ रा×डी८. काळ्याचे कॅसलिंग गेले, सी-पट्टीत दुहेरी प्यादी आली, तरी ही भिंत चिवट आहे. २०००च्या लंडन लढतीत क्रामनिकने हिच्याच आधारे कास्पारोव्हला रोखून जगज्जेतेपद मिळवले. शिकणाऱ्या मुलीला आमचा सल्ला ४. डी३ चा : ई४ चे प्यादे राखले जाते, वजीर पटावर राहतात आणि खेळायला भरपूर उरते. फक्त ४... घो-ई७ आले तर ५. घो×ई५ घाईने मारू नये. ५... सी६ नंतर उंट हलला की व-ए५+ आणि ई५ वरचा घोडा गेला.