बाबांना उजव्या बाजूचा लकवा आणि वर शुगर, घरी कशी काळजी घेऊ?
सगळ्यात आधी गिळणं बघा. पडल्या पडल्या पाणीसुद्धा पाजू नका, नीट टेकवून बसवा, छोटे घास द्या आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसू द्या, ठसका लागत असेल तर पातळ चहापाण्यापेक्षा घट्टसर पेज बरी पडते पण ते एकदा डॉक्टरांना दाखवूनच ठरवा.

दुसरं म्हणजे इन्सुलिन. ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही, कारण ही माणसं दोन घास खाऊन नको म्हणतात आणि मग शुगर धाडकन उतरते. अचानक घाम, बरळणं, सुस्ती दिसली की लोकांना वाटतं परत अटॅक आला, म्हणून आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल आणि शुद्धीत असतील, गिळता येत असेल तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत चेक. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८ ला फोन. आणि शुगर नॉर्मल असून बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय तरी १०८च.

दर २ तासांनी कूस बदला, रोज तळपाय बघा. गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको, चटका बसलेला कळतच नाही त्यांना. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका हं, खांदा निखळतो.