बर्लिनला जाताना: तूप, हापूस आणि घराचा पत्ता

प्रश्न: मुलगा नोकरीसाठी बर्लिनला चाललाय. आधी काय करावं? सोबत हापूस, तूप देऊ का? – एक आई, देवगड

उत्तर: ताई, भाड्याच्या घरात शिरल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी हवी. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही. म्हणून हे पत्र देणार का, ते घर ठरवतानाच विचारायला सांगा. नोंदणीनंतर कर-क्रमांक टपालाने येतो. तो वेळेत मिळाला नाही, तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापतात. आणि टपालपेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं! पहिल्याच दिवशी चिकटवू दे.

तूप नको, दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. हापूसला रोगमुक्तीचा दाखला लागतो. नारळ मात्र खुशाल द्या, त्याला सूट आहे.