सेल्फ टकटक करतो, फ्यूज उडतो : स्कूटरच्या वायरिंगची प्रश्नोत्तरे

प्रश्न : बॅटरी नवी टाकली, तरी सकाळी सेल्फचं बटण दाबलं की नुसतं टक-टक वाजतं. किक मारली की गाडी लगेच चालू होते. बॅटरीवाला म्हणतो, बॅटरीत दोष नाही. मग बिघाड कुठे?

बॅटरीवाला बहुधा खरं बोलतोय. टक-टक हा स्टार्टर रिलेचा, म्हणजे बॅटरीचा करंट मोटरला जोडणाऱ्या स्विचचा आवाज. रिले ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतो, रिले सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. म्हणजे एक तर बॅटरी रिकामी आहे किंवा करंट वाटेत कुठे तरी अडतोय.

साधा मल्टिमीटर घ्या आणि २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा हवा. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी चार्ज आणि १२ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. आता कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. १० च्या खाली आपटला तर बॅटरीत दम नाही किंवा ती नीट चार्ज झालेली नाही. १२ च्या वर टिकून राहिला आणि तरी मोटर हलली नाही, तर बॅटरी निर्दोष. दोष पुढे वायरीत, रिलेत किंवा मोटरच्या कार्बन ब्रशमध्ये आहे. मीटरच्या पिना मात्र बॅटरीच्या शिशाच्या टोकांना लावा, वायरीला बसवलेल्या धातूच्या कडीला, म्हणजे थिंबलला नाही. थिंबल आणि टोक यांच्यातच गंज असेल तर थिंबलवर घेतलेला आकडा काहीच सांगत नाही.

पुढची चाचणी फार थोडे लोक करतात, पण निम्मी कोडी तिथेच सुटतात. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूला, एखाद्या बोल्टच्या डोक्याला लावा आणि सेल्फ दाबून बघा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड व्होल्ट दिसला तर अर्थिंगची वायर खराब आहे. तिचा इंजिनवरचा बोल्ट काढा, खालचा गंज आणि रंग खरवडा, पुन्हा कसा.

तुमच्या बाबतीत आधी बॅटरीचे स्क्रू बघा. स्कूटरच्या बॅटरीत टोकाच्या खाचेत एक छोटी चौकोनी नट बसते. घाईत बॅटरी बसवताना ती तिरकी राहते, स्क्रू कसल्यासारखा वाटतो, पण थिंबल बोटाने हलते. हॉर्न वाजायला तेवढा संपर्क पुरतो, सेल्फला नाही. स्क्रू काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. उलट केलंत आणि प्लसवरचा पाना चेसीला टेकला तर ठिणग्या उडतील.

प्रश्न : दुसऱ्यांदा बॅटरी गेली. मेकॅनिक म्हणतो आरआर युनिट बदलून टाकू. बदलू का?

मोजल्याशिवाय नको. आरआर म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर : इंजिनातून येणाऱ्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारं युनिट. इंजिन चालू करा, हेडलाइट लावा, थोडी रेस द्या आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.५ ते १४.८ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग उत्तम आहे आणि आरआर युनिट निर्दोष. १५ च्या वर चढत गेला तर मात्र मेकॅनिक बरोबर : युनिट व्होल्टेज आवरत नाही, बॅटरी आतून उकळते आणि बल्बही वरचेवर उडतात.

रेस देऊनही १२ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होतच नाही. तेव्हाही आधी युनिटचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा सोडवून बघा. पिना काळ्या, प्लास्टिक वितळलेलं, असं दृश्य नवलाचं नाही आणि तेवढा कपलर बदलून काम भागतं. तो ठीक असेल तर इंजिनात वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलकडून येणाऱ्या वायरी तपासा. तीन एकाच रंगाच्या वायरी असतील तर कपलर सुटा ठेवून, इंजिन चालू असताना दोन-दोनच्या जोडीत एसी व्होल्टेज घ्या. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा हवा. एखादी जोडी मागे पडली किंवा इंजिन बंद असताना त्यातली कुठलीही वायर बॉडीशी कंटिन्युइटी दाखवू लागली, तर कॉइल जळाली आहे.

चार्जिंग चांगलं असूनही बॅटरी उतरत असेल तर चावी बंद असताना कुणी तरी करंट पितंय. मायनसची वायर सोडा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून त्या वायरीच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही दाबू नका, मीटर किंवा त्याचा फ्यूज जाईल. काही मिलिअँपिअर चालतात. पण ५० मिलिअँपिअर गळत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ४ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत संपली. अशा वेळी माझा पहिला संशय नंतर बसवलेल्या वस्तूंवर असतो : मोबाइल चार्जर, ट्रॅकर, अलार्म. एकेक सोडवत जा, कुठलं सोडवल्यावर आकडा पडतो ते दिसेलच.

प्रश्न : हँडल डावीकडे वळवलं की कधी कधी फ्यूज उडतो. कंटाळून एकाने फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली आहे. चालेल का?

नाही. ती तार आजच काढा. पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी अख्खी वायरिंग जळेल, आणि ती पेट्रोलच्या टाकीपासून फार लांब नसते. जास्त अँपिअरचा फ्यूज घालणं हाही त्याच जातीचा उद्योग.

शॉर्ट शोधायला ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पुरतो. त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी लावा. शॉर्ट असला तरी त्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. चावी चालू करा. गाडीतल्या इतर वस्तूंमुळे बल्ब थोडा मिणमिणेल, ते सोडून द्या. आता हँडल सावकाश वळवा. बल्ब एकदम पूर्ण पेटला की तिथेच थांबा आणि हँडलच्या मानेजवळचा वायरींचा जुडगा बोटाने हलवून पाहा. कव्हर उघडलंत की चेसीच्या कडेवर घासून एखाद्या वायरीचं तांबं उघडं पडलेलं सापडेल. नुसती टेप गुंडाळून भागणार नाही. सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि जुडगा बांधताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल इतकी ढील ठेवा.

प्रश्न : हॉर्न, लाइट सगळं चालतं, पण सेल्फ दाबला की काहीच आवाज नाही. टकसुद्धा नाही.

ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का? बहुतेक स्कूटरचा सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय चालत नाही. दिवा लागत नसेल तर लिव्हरखालचा ब्रेक स्विच बघा, पण बल्ब गेलेला नाही याची आधी खात्री करा. दुसरा लिव्हर दाबूनही पाहा. काही गाड्यांत साइड स्टँडचाही स्विच असतो. त्यात चिखल भरला तरी हेच होतं.

प्रश्न : एलईडी इंडिकेटर लावल्यापासून ते फार भराभर लुकलुकतात.

इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर जुन्या बल्बच्या वॅटेजसाठी बनवलेला आहे. एलईडी फारच कमी करंट घेते, त्यामुळे त्याला बल्ब गेल्यासारखं वाटतं. एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवा.

प्रश्न : गाडी धुतली किंवा पावसात भिजली की मिसिंग करते, वाळली की ठीक.

अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरीवर स्प्रेच्या बाटलीने हलकंसं पाणी उडवा. वायरीला किंवा कॅपला हात लावू नका, झटका जबर बसतो. करंट गळत असेल तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. बहुतेक वेळा प्लग कॅपच्या रबराला तडा गेलेला असतो. बऱ्याच कॅप वायरीवर आट्यांनी बसतात, त्यामुळे इंजिन बंद करून फिरवून काढता येतात. वायरीचं काळवंडलेलं टोक थोडं कापा आणि नवी कॅप फिरवून बसवा. कॅपचा रोध बहुधा ५ किलो-ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप बाद. आणि धुताना प्रेशरचा फवारा थेट प्लगवर किंवा हँडलवरच्या स्विचांवर मारू नका.