ॲप टॅक्सीत अपघात झाला. भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून पुण्यात कोथरूडला राहते. घरून पोळीभाजीचे डबे देण्याचा माझा व्यवसाय आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी लोहगाव विमानतळावरून ॲपवर बोलावलेल्या टॅक्सीने घरी येत असताना एका चौकात आमची टॅक्सी आणि आडवा आलेला टेम्पो यांची धडक झाली. माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली. रुग्णालयाच्या बिलाचा बराचसा भाग मेडिक्लेममधून मिळाला. परंतु मनगट अजून पुरते वळत नाही, पोळ्या लाटता येत नाहीत आणि डबे बंद आहेत. पोलिसांनी टेम्पोचालकावर गुन्हा नोंदवला आहे. तो मात्र टॅक्सीच भरधाव होती असे सांगतो. ॲप कंपनी म्हणते की ती केवळ प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देते. तिने मला २५ हजार रुपये देऊ केले असून त्यासाठी एका कागदावर सही मागितली आहे. मी मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. प्राप्तिकर विवरणपत्र मी कधी भरलेले नाही. मला भरपाई मागता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भरपाई मागता येईल, आणि ती मागण्याचा आपला अधिकार भक्कम आहे. पण सर्वांत आधी अपघाताच्या तारखेकडे पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा अर्ज अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. १९९४ पासून त्या दिवसापर्यंत अशी कोणतीही मुदत नव्हती; त्यामुळेच ‘आधी नीट बरे व्हा, मग बघू’ असा सल्ला घरचे आणि शेजारचे आजही मायेने देतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्याच्या भरवशावर थांबणे योग्य नव्हे. आपल्या हातात अडीच महिने आहेत. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो आणि पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. अपघात परगावी झाला असला तरी जखमी व्यक्तीला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, हे इतर वाचकांनीही लक्षात ठेवावे.

आता चूक टेम्पोची की टॅक्सीची, हा प्रश्न. तो त्या दोन वाहनांच्या मालकांमधला आणि विमा कंपन्यांमधला आहे. आपण टॅक्सीत बसलेल्या प्रवासी होता, गाडी आपल्या हातात नव्हती. दोन वाहनांच्या निष्काळजीपणामुळे तिसरीच व्यक्ती जखमी झाली, तर ती व्यक्ती संपूर्ण भरपाई त्या दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. आपापला वाटा किती हे त्यांनी नंतर एकमेकांत ठरवावे. म्हणून अर्जात टॅक्सीचा चालक, मालक आणि विमा कंपनी, तसेच टेम्पोचा चालक, मालक आणि विमा कंपनी, अशा सर्वांना सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे असे पक्ष, करावे. ॲप टॅक्सीत चालक आणि मालक अनेकदा वेगवेगळे असतात, तेव्हा नोंदणी पुस्तकावरचे नाव पाहूनच मालक लिहावा. पोलिसांनी फक्त टेम्पोचालकावर गुन्हा नोंदवला म्हणून टॅक्सीला वगळू नका. फौजदारी गुन्ह्याची नोंद न्यायाधिकरणावर बंधनकारक नसते, आणि उद्या टेम्पोचा विमा संपलेला निघाला तर आपली सारी भिस्त टॅक्सीच्या विम्यावरच राहील. प्रवासी वाहनाच्या सक्तीच्या विम्यात त्यातील प्रवाशांचा समावेश कायद्यानेच केलेला आहे.

ॲप कंपनीलाही सामनेवाली करावे, असे माझे मत आहे. ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ ही भूमिका या कंपन्या सगळीकडे घेतात. परंतु भाडे ठरवणारी, चालक निवडणारी, त्याला गुण देणारी आणि भाड्यातून आपला हिस्सा कापून घेणारी कंपनी त्या प्रवासाच्या सुरक्षिततेशी आपला संबंध नाही असे म्हणते, तेव्हा ते मान्य करणे मला कठीण जाते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच या कंपन्यांची व्याख्या आली आणि कलम ९३ खाली त्यांना परवाना घेणे भाग पडले. तरीही आपली प्रत्यक्ष वसुली मुख्यतः विमा कंपन्यांकडून होईल, हे धरून चालावे. याशिवाय बऱ्याच ॲपवर प्रवासापुरता वेगळा अपघात विमा असतो. प्रवासाची पावती उघडून त्याखालील विम्याच्या अटी आजच वाचा आणि दाव्याची सूचना लेखी पाठवा. पावतीवर वाहन क्रमांक, चालकाचे नाव, मार्ग आणि वेळ असते, म्हणून तिची छापील प्रत काढून ठेवा.

२५ हजार रुपयांच्या कागदावर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. ‘माझी सर्व येणी पूर्ण व अंतिमरीत्या मिळाली’ अशा अर्थाचे एखादे वाक्य त्यात असेल, तर पुढे प्रत्येक सामनेवाला तोच कागद पुढे करील. अशीच सावधगिरी आणखी एका ठिकाणी हवी. कायद्याच्या कलम १६४ नुसार, कोणाची चूक हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये अशी ठरावीक भरपाई मिळू शकते. हाड मोडणे ही गंभीर दुखापतच होय. परंतु विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम एकदा स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. ज्यांना पैशाची तातडीची निकड आहे आणि इजा पूर्ण बरी झाली आहे, त्यांना हा मार्ग सोयीचा वाटू शकतो; आपल्या बाबतीत तो तोट्याचा ठरेल, आणि त्याचे कारण आपले मनगट आहे.

जखमी व्यक्तीची भरपाई कशी मोजावी याचा पाया सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात घातला. उपचार, औषधे, प्रवास आणि पोषक आहाराचा खर्च, काम बंद राहिलेल्या काळातील बुडालेले उत्पन्न, पुढील उपचारांचा खर्च, वेदना आणि जगण्यातील आनंदाला आलेली तूट हे सर्व त्यात येते. पण खरा मुद्दा कायमच्या अपंगत्वाचा आहे. डॉक्टर हाताचे अपंगत्व किती टक्के आहे ते सांगतात, तर न्यायाधिकरणाने पाहायचे असते ते त्या व्यक्तीच्या कमाईवर झालेला परिणाम, आणि हे दोन आकडे एक नसतात. कार्यालयात बसून कागद तपासणाऱ्या माणसाचे मनगट थोडे कमी वळले तरी त्याचा पगार फारसा बदलत नाही; दिवसाला शंभर-दीडशे पोळ्या लाटणाऱ्या बाईचा तर सारा व्यवसायच उजव्या मनगटावर उभा असतो. हा फरक आपल्या वकिलाने अर्जात ठसठशीतपणे मांडायला हवा.

उदाहरणादाखल हिशेब करू. आपले निव्वळ उत्पन्न महिन्याला १८ हजार धरले तर वर्षाचे २ लाख १६ हजार होते. स्वयंरोजगार करणाऱ्या ४० ते ५० वर्षे वयाच्या व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी २५ टक्के मिळवले जातात, म्हणजे २ लाख ७० हजार. वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; आपल्या वयाला गुणक १४ लागतो, म्हणजे ३७ लाख ८० हजार. कमाईच्या क्षमतेतील घट १० टक्के मानली गेली तर या एका सदराखाली ३ लाख ७८ हजार मिळतात आणि २० टक्के मानली गेली तर ७ लाख ५६ हजार. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहू नये ते यासाठीच. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचे मंडळ यांच्याकडून ते घ्यावे, टक्केवारी फक्त हाताची आहे की संपूर्ण शरीराची हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे, आणि डॉक्टर साक्षीला येतील ना, हेही विचारून ठेवावे. साक्षीविना नुसत्या प्रमाणपत्राला फारसे वजन मिळत नाही.

विवरणपत्र नाही म्हणून उत्पन्न नाही असे होत नाही. ग्राहकांनी मोबाइलवरून भरलेल्या पैशांच्या बँक खात्यातील नोंदी, डब्यांची वही, किराणा आणि गॅस सिलिंडरची बिले, आणि नियमित डबा घेणाऱ्या दोन-तीन ग्राहकांची साक्ष यांतून उत्पन्न उभे करता येते. घरातील कामालाही आर्थिक मूल्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. अपघातानंतर स्वयंपाकाला किंवा धुण्याभांड्यांना बाई ठेवावी लागली असेल तर तिच्या पगाराच्या पावत्याही जोडाव्यात.

मेडिक्लेमविषयी निर्धास्त राहावे. आपण स्वतः हप्ता भरून घेतलेल्या विम्याची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. मूळ बिले मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील, म्हणून रुग्णालयाकडून त्यांच्या शिक्कामोर्तब केलेल्या प्रती घ्या.

पट्ट्याबद्दल विचारले गेले तर खरे तेच सांगा. मागच्या आसनावरही पट्टा लावणे बंधनकारक आहे आणि विमा कंपनी हा मुद्दा काढील. परंतु अपघात पट्टा न लावल्यामुळे झालेला नाही. दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येणार नाही, नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. तोच तर्क येथे मांडता येतो.

पोलीस ठाण्यातून खबरी अहवाल (एफआयआर), घटनास्थळाचा पंचनामा आणि दोन्ही वाहनांच्या विम्याचे तपशील घ्या. सध्याच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. आपल्या प्रकरणात ती मुदत उलटली आहे, तेव्हा अहवाल गेला का, हे लेखी विचारा. त्या अहवालालाच अर्ज मानण्याची तरतूद कायद्यात असली तरी स्वतःचा अर्ज वेळेत दाखल करणे अधिक सुरक्षित. व्याजही साधारणतः अर्जाच्या तारखेपासूनच मिळते.

वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. मिळालेल्या भरपाईत टक्केवारी मागणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांना धरून नाही. तशी मागणी करणाऱ्यांपासून आणि रुग्णालयाच्या दारात गाठणाऱ्या दलालांपासून दूर राहिलेले बरे.

प्रश्न : मुंबईहून नाशिकला येताना मी ॲपवर जागा घेऊन एका खासगी, पांढऱ्या पाटीच्या मोटारीतून प्रवास केला. मागून आलेल्या ट्रकने धडक दिली व माझा पाय मोडला. मोटार प्रवासी वाहन नसल्याने मला काहीच मिळणार नाही, असे एकाने सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या बाबतीत ते खरे नाही. चूक ट्रकची आहे आणि ट्रकच्या विम्याच्या दृष्टीने आपण त्रयस्थ, म्हणजे त्या विमा करारात नसलेली बाहेरची व्यक्ती, आहात. आपण कोणत्या रंगाच्या पाटीच्या गाडीत बसला होता, याने ट्रकच्या विमा कंपनीची जबाबदारी कमी होत नाही. अर्ज मुख्यतः ट्रकचा चालक, मालक आणि त्याच्या विमा कंपनीविरुद्ध करावा.

चूक मोटारचालकाची असती तर मात्र अडचण होती. खासगी मोटारीच्या केवळ सक्तीच्या विम्यात आत बसलेल्यांची जोखीम धरलेली नसते. ती सर्वसमावेशक विम्यात असते, आणि तिथेही पैसे घेऊन प्रवासी नेल्याचा आक्षेप विमा कंपनी घेते. चालक आणि मालक तेव्हाही जबाबदार राहतात, पण त्यांच्या खिशातून रक्कम वसूल करणे किती कष्टाचे असते हे असे दावे चालवणारे जाणतात. म्हणून अशा गाडीत बसण्यापूर्वी निदान विमा कोणत्या प्रकारचा आहे, एवढे विचारण्यात संकोच करू नये. आपण मोटारीच्या मालकाला आणि विमा कंपनीलाही सामनेवाले म्हणून जोडून ठेवा. मोटारचालकाने अचानक ब्रेक लावला असा बचाव ट्रकच्या बाजूने आला, तर त्याचा उपयोग होईल.