गिऱ्हाइकाच्या आधी तू हात लाव

सप्रेम नमस्कार,

ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानातल्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. ऑर्डर उघडणं, रिटर्न नोंदवणं ही कामं तुला पहिल्याच आठवड्यात शिकवतील, त्यांची धास्ती नको. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाला वस्तू हाताळता येत नाही, ही खरी अडचण. म्हणून परवानगी काढून गोदामात जा, सोबत मोजपट्टी आणि वजनकाटा ने.

सुरुवात तंबूपासून कर. ‘दोन माणसांचा’ म्हणजे झोपायच्या दोन साध्या मॅट शेजारी मावतात, इतकाच अर्थ घ्यायचा. साधी मॅट साधारण ५१ सेंमी रुंद असते, रुंद मॅट ६३-६४ सेंमी. तळ १२० सेंमीचा असेल तर दोन रुंद मॅट बसणारच नाहीत, आणि पायाकडे तो निमुळता असेल तर आणखी पंचाईत. वजनही दोनदा कर: एकदा नुसता तंबू, बाहेरचं कव्हर आणि पोल, एकदा खुंट्या, दोऱ्या, पिशव्यांसकट.

सर्वांत जास्त घोळ स्लीपिंग बॅगचा. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी तापमानं असतात. समज, कम्फर्ट उणे १ आणि लिमिट उणे ७ अंश सेल्सिअस आहे. बॅगच्या नावात मात्र बहुधा ७ मिरवत असतो. लिमिट म्हणजे अंग आखडून झोपलेल्या प्रमाण पुरुषाला जेमतेम निभावणारं तापमान. थंडी सोसत नसेल त्याने कम्फर्टचाच आकडा धरावा. एक्स्ट्रीम हा फक्त जीव वाचण्यापुरता आकडा, तो बघून बॅग विकू नकोस.

‘बॅग गरम नाही’ अशी तक्रार आली की आधी विचार, खाली मॅट कोणती होती? अंगाखाली बॅगचं भरण दबतं आणि तिथली ऊब जाते; जमिनीचा गारवा मॅटच अडवते. त्यासाठी आर-व्हॅल्यू, म्हणजे मॅट गारवा किती अडवते तो आकडा, बघायची. एकावर एक मॅट टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते: २ ची फोम आणि ३ ची हवेची मिळून ५. एएसटीएम एफ३३४० ही आर-व्हॅल्यू मोजायची प्रमाण चाचणी रूढ होण्याआधीचे जुने आकडे मात्र नव्यांशी ताडू नकोस.

बुटांसाठी दोन्ही पावलांची लांबी सेंटिमीटरमध्ये माग. संध्याकाळी, ट्रेकचेच मोजे घालून मोजलेली. मोठं पाऊल धरायचं आणि पुढे साधारण एक सेंमी जागा सोडायची, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. बूट आधी घरातच घालून बघायला सांग. तळव्याला माती लागली की तो जोड पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही.

रिटर्नच्या नोंदीत ‘आवडलं नाही’ लिहून भागवू नकोस. ‘चेन ओढताना आतलं कापड दातांत अडकतं’ असं लिहिलंस तर वस्तूच्या पानावर काय बदलायचं ते कळतं. ओला तंबू परत आला तर आधी पूर्ण वाळव, मगच घडी. कापडावरचं पाणी अडवणारं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग दमटपणात चिकट होऊन सुटतं. डाउनची, म्हणजे मऊ पिसांच्या भरणाची, बॅग कोंबून ठेवू नकोस, सैल राहू दे. वापरलेला चढाईचा दोर (रोप) किंवा अंगाला बांधायचा पट्टा (हार्नेस) परत स्टॉकमध्ये अजिबात नको. रसायन लागून कमकुवत झालेला धागा डोळ्यांना नेहमीसारखाच दिसतो.

स्टोव्हच्या गॅसचे डबे धोकादायक माल म्हणून नियमांनुसारच रवाना होतात. ऑर्डरमध्ये एक जरी डबा असेल तर आधी कुरियरकडे चौकशी कर, मग तारखेचा शब्द दे.